पाहुणीचं कडवं

१

लग्नाचं आवतण आलं की मी आदल्या दिवसापासून ताक आणि लोणचं बंद करते. सकाळी कोमट पाणी पिते, हरेशला, माझ्या मुलाला, डबा देते. तो उरणकडे कंटेनर यार्डात कामाला गेला की स्वयंपाकघराचं दार लावून घेते, एक्झॉस्ट फॅन चालू करते आणि भांडी घासता घासता अख्खा धवला पहिल्यापासून म्हणून बघते. उलव्यात पाचव्या मजल्यावर राहायचं तर एवढं करावंच लागतं. पहिल्यांदा मोकळ्या गळ्याने म्हटलं तेव्हा वरच्या बाईंनी सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं होतं, पाचशे तीनमध्ये कोणी गेलं का? मी मनात म्हटलं, कोणी गेलं नाही, तुमचंच डोकं गेलंय.

मी गोजरा. वय बासष्ट. तीस वर्षं अंगणवाडीत पोरांना सरळ बोलायला शिकवलं, त्यात माझीही जीभ सरळ झाली. पण गाते ती आमच्याच बोलीत. आम्हा आगऱ्यांच्या लग्नात भटजी नंतर, आधी धवलारीण. मांडवाच्या दिवशी ती देवांना आवतण देते, गावदेवीला देते, मग त्या घरातल्या गेलेल्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन बोलावते. या, लेकीचं लग्न आहे, बसा. हे सगळं गाऊन. त्याला धवला म्हणतात, आणि तो एकटीने म्हणायचा नसतो. पुढची बाई ओळ सांगते, मागची तीच ओळ झेलते. पुढचीला सगळं पाठ असावं लागतं, मागचीला नुसता कान असला तरी भागतं. माझ्यामागे गेली बावीस वर्षं मालतीबाई झेलते.

धवला कोणी रचत नाही. तो आयांकडून लेकींकडे येतो. पण आमच्या भागात जो म्हणतात त्यात एक कडवं माझं आहे. माझं स्वतःचं. नऊ वर्षांपूर्वी, विमानतळासाठी आमचं गाव उठणार होतं त्या उन्हाळ्यात, मी दुपारची मोरीत भांडी घासत होते आणि चार ओळी आल्या. जुळवाव्या लागल्या नाहीत की खोडाव्या लागल्या नाहीत. चालीसकट आल्या. घरातल्या सगळ्या गेलेल्यांना बोलावून झालं, की जिला कोणी बोलावत नाही अशा एका बाईला बोलवायचं:

दारान कोन गो भिजलेली उभी,
ये गो पाहुने, मांडवान ये,
पदराचा पानी पिलून ये,
तुजे नावाचा पाट मांडिला.

ह्या चार ओळींना बाप्ये माणसं पण डोळे पुसतात. जासईपासून करंजापर्यंत मला ‘पाहुणीवाली’ म्हणतात. गाव गेलं, घर गेलं, नवरा गेला. हे कडवं तेवढं माझ्या नावावर राहिलं.

आणि ही नवी धवलारीण, भाविका! सव्वीस वर्षांची, खारघरच्या कॉलेजात शिकलेली, कानाला अडकवायचा माईक, मागे झेलायला एका रंगाच्या नऊवारीतल्या दोन पोरी. तिची रील लाख लाख लोक बघतात. मीही बघते, खोटं कशाला बोलू. रोज बघते, कुठे सूर सोडते ते धरायला. सोडत नाही मेली.

२

सुभाष माझा चुलतदीर. त्याच्या ईश्वरीचं लग्न, आणि धवल्याला सांगितलं कोणाला? भाविकाला. सुभाष स्वतः घरी आला, चहा प्यायला आणि बशीकडे बघत म्हणाला, “वैनी, पोरीचाच हट्ट हाय. आजकालच्या पोरी, तुमाला म्हाइत हाय.” मी म्हटलं, अरे हो, त्यात काय, भाविका मला सुनेसारखीच आहे. तो गेल्यावर त्याचा कप दोनदा घासला.

मांडव एसी हॉलात. सकाळी साडेदहाची वेळ. मला पहिल्या रांगेत पांढऱ्या सोफ्यावर बसवलं, घराला ओझं झालेली म्हातारी बसवतात तशी. भाविकाने देव बोलावले, गावदेवी बोलावली. घरातले गेलेले बोलावले, त्यात माझ्या नवऱ्याचं नाव तिच्या तोंडून ऐकलं आणि माझ्या कपाळात तिडीक गेली. आणि मग तिने माझं कडवं उचललं.

दारान कोन गो भिजलेली उभी.

म्हटलं, बघू, निदान ‘हे गोजरामावशीचं’ एवढं तरी म्हणते का. नाही. चौथी ओळ संपली. मी तिथे थांबते. ती थांबली नाही.

आयले गो बाय, मांडवान आयले,
पाटावर बसले, हलद लावली,
आता तू माजे घरान ये गो,
माजे घरान पानीच पानी.

सुभाषच्या आईने तोंडाला पदर लावला. आणि मला काय वाटलं सांगू? चोरीचा राग नंतर आला. आधी वाटलं, हे मला का नाही सुचलं? पाहुणीला बोलावलं मी, पण पाहुणी उत्तर देईल हे नऊ वर्षांत माझ्या डोक्यात आलं नाही, आणि ह्या कालच्या पोरीच्या आलं. माझं कडवं त्यापुढे अर्धवट वाटायला लागलं. छातीत असं जळलं की उठून उभी राहिले.

नवरीच्या खोलीत तिला गाठलं. आरशाभोवती दिवे, हेअरस्प्रेचा वास, खुर्चीवर शालूंचा ढीग. मी दार लावलं.

“कुनाचं कडवं गायलीस गो?”

“तुमचं, मावशी.” अगदी सरळ म्हणाली. “मी नाव घेणार होते, सुभाषकाका म्हणाले टायमिंग नाय.”

“आनि खालच्या चार ओली? त्या तुज्या, होय ना? माज्या जेवनाला तू फोडनी देनार?”

“माज्या? नाय ओ मावशी. त्या पण तुमच्याच ना. म्हंजे तुमच्या मागे ज्या झेलतात, त्या बोलतात ते.”

“मालती? मालतीला स्वतःचं नाव नीट म्हनता येत नाय. चोर हायस तू. चोर!”

हे जरा जोरात गेलं. दार उघडलं, बायका जमल्या, सुभाष धावत आला. भाविकाचे डोळे भरले होते पण आवाज चढला नाही, आणि त्याचाही मला रागच आला. शेवटी सुभाषने तोड काढली. पुढच्या रविवारी समाजाचा मेळावा, तिथे सगळ्यांसमोर वैनी कडवं म्हणतील, हे माझं म्हणून सांगतील, भाविका माईकवर माफी मागेल. आता लग्न लागू द्या.

“मागते मी माफी,” भाविका म्हणाली. “पण तुमी एकदा ऐका ना. तीन वर्षांपूर्वी करंजाच्या लग्नात मी तुमचं रेकॉर्ड केलेलं, शिकायला. त्यातनंच घेतलंय. पाठवते तुमाला.”

३

चार मिनिटं अकरा सेकंदांची फाइल. दुसऱ्या दिवशी दुपारी गॅसच्या ओट्यापाशी उभी राहून ऐकली. खुर्च्या सरकवल्याचा आवाज, एक तान्हं रडतंय, मग मी. माझा आवाज तेव्हा बरा होता. आणि माझ्याबरोबर दुसरी बाई. बारीक आवाज, कोवळा, पण काठाला धार असलेला. मालतीबाईचा घोगरा आहे, तिने सुपारी सोडली तरी तो सुधारला नाही.

माझ्या चार ओळी झाल्या. माझा खोकला ऐकू आला. आणि दुसरी बाई तशीच पुढे गेली. आयले गो बाय, मांडवान आयले. चारही ओळी, एकटीने. कोणी वाहवा केली नाही, कोणी दचकलं नाही. मग मी पुढचं सुरू केलं, मध्ये काही झालंच नाही अशी.

मी मालतीबाईला फोन लावला. “करंजाचं लगीन, तीन वर्सांपूर्वीचं. तू होतीस ना माज्यामागे?”

“मी कुठली? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं ना माजं पनवेलला. तू एकलीच गेलेलीस. येऊन मलाच बोललीस, तुज्याबिगर काय अडलं नाय म्हनून.”

बोलले होते खरी. त्या दिवशी एकटीने म्हटलं होतं आणि कधी नव्हे इतकं चांगलं झालं होतं, हेही आठवलं.

आता माणूस विचार करतो. गर्दीतली एखादी पोर हौसेने मागून म्हणत असेल. लग्नात असतात अशा आगाऊ. नाहीतर हॉलच घुमत असेल. त्या शेवटच्या चार ओळींचं काय, ते मी बाजूला ठेवलं. संध्याकाळी हरेश आला तसा त्याच्या कानात हेडफोन घातले.

“इको हाय, आये,” तो म्हणाला. “टेन्शन नको घेऊ. असा मोठा हॉल असला का आवाज भिंतीवर आपटून परत येतो.” मग त्याने परत लावलं. परत एकदा लावलं. एक हेडफोन काढला.

“पन इको मागून येतो.”

“म्हंजे?”

“ही बाई आधी बोलते. मंग तू बोलतेस.”

त्याने हेडफोन माझ्या हातात दिले आणि हात धुवायला गेला. मी ऐकलं. प्रत्येक ओळीला आधी तो बारीक आवाज, अर्धा श्वास पुढे, आणि मग माझा. ‘दारान’ ती म्हणते, मग मी म्हणते. ‘ये गो’ ती, मग मी. चार मिनिटांत एकदाही मी आधी नव्हते. मांडवात समोर बसून, हळदीकुंकू लावून घेऊन, सगळ्यांच्या देखत मी झेलत होते.

४

आवाज ओळखणारं आमच्या गावचं एकच माणूस उरलंय. नामादादा. ऐंशीच्या पुढे, जन्म मिठागरात गेला, आता पलीकडच्या सेक्टरात नातवाकडे तळमजल्यावर असतो. कान मात्र तिखट. सकाळी गेले तर खिडकीपाशी लसूण सोलत बसला होता. डोक्यावरून विमान गेलं तसा थांबला, ते गेल्यावर म्हणाला, “बस गो गोजरे. ह्ये आपल्या तल्यावरून उडालं. तल्यावरून उडालं का आवाज येगला येतो.” गावचं तळं आता धावपट्टीखाली आहे.

मी ती फाइल लावली. नुसता मोबाइल पुढे धरला.

त्याच्या बोटांतली पाकळी खाली पडली.

“चांगुना,” तो म्हणाला. “ही माजी चांगुना. कवा भरलास गो तिचा आवाज? तवा कुटं होती मशिना?”

“कोन चांगुना?”

त्याने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी त्याच्या ताटात थुंकले. “माजी भईन. तुजी जोडीदारीन. ती सांगायची, तू झेलायचीस. एका परकराचे दोन करून घातलेत तुमी दोगींनी. मस्करी करतेस काय म्हाताऱ्याची?”

मी हसायला गेले, हसू आलं नाही. मला काहीच आठवत नव्हतं. गावातली शाळा आठवते. मास्तरांच्या शेळीचं नाव आठवतं. अंगणवाडीतल्या तीस वर्षांच्या पोरांची नावं हजेरीच्या क्रमाने म्हणून दाखवीन. पण ही पोर नाही. दात काढल्यावर जीभ तिथे जाते आणि काही लागत नाही, तसं झालं.

“ह्यो कडवा तिचाच,” नामादादा म्हणाला. “आमची आय कालवं काडताना खाडीत गेली. कोनी मांडवात तिचं नाव घेईना, वाईट मरन म्हनून. तवा चांगुनानं जुलवला. ‘ये गो आये, मांडवान ये.’ तू ‘पाहुने’ म्हनतेस. पयल्यांदा ऐकला तवा डोल्यात पानी आलं. म्हनलं, जोडीदारनीनं पोरीची आठवन ठेवली. म्हनून कदी काय बोललो नाय तुला.”

नऊ वर्षं हा माणूस लग्नालग्नात मागे बसून ऐकत होता. मी माझं म्हणून मिरवत होते, आणि त्याला वाटत होतं मी तिच्यासाठी गाते.

“कशी गेली ती?” मी विचारलं.

“तुला इचारायला पायजे मी.” मग जरा नरमला. “पलीकडच्या गावात मांडव होता. दोगी बांदावरून निगाल्या. भरती चडत होती. तू एकली पोचलीस. इचारलं तं बोललीस, चांगुना मागून येते. मांडव अडायला नको म्हनून त्या दिशी तूच पुडं बसलीस, पयल्यांदा. चांगली बोललीस म्हनं. दुसरे दिशी ती उगाडीजवल गावली.”

उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, शेतातलं पाणी खाडीत सोडायचं. भरतीला तिथे माणूस पडलं तर वरून कोणी हात दिल्याशिवाय निघत नाही.

मी विचारलं, “आनि खालच्या चार ओली, दादा? आयले गो बाय?”

त्याने परत लावायला सांगितलं. डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं.

“ह्ये नाय. चारच ओली होत्या तिच्या. ह्ये मी कदी ऐकलं नाय.” त्याने बोटांवर लागलेलं लसणाचं साल झटकलं. “ह्ये नवीन हाय.”

निघताना दारापर्यंत आला. “रविवारी मेलाव्यात म्हननार ना तू? मी येतो. माइकवर एकदा तिचं नाव घे, बाय. माजं काय राह्यलंय आता? तेवडं घे.”

५

भीती वाटायला हवी होती. वाटली, नाही असं नाही. बाथरूमचं दार उघडं ठेवून आंघोळ करायला लागले. हरेश विचारत राहिला, नळ का बंद करतेस सारखा, आणि मी म्हणत राहिले पाणी वाया जातं. पण खरं दुखत होतं ते वेगळंच.

ती सोळाव्या वर्षी गेली. सत्तेचाळीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत मी किती मांडव केले असतील, किती बायकांना शिकवलं असेल, आणि माझी म्हणावी अशी एक ओळ? एकसुद्धा नाही. होतं ते तिचं निघालं. आणि ती? तिला ना घर, ना मांडव, ना कोणी ऐकणारं, आणि तिला अजून सुचतंय! चार ओळी नव्या, आणि त्या पहिल्यांपेक्षा चांगल्या. कोणावर जळायचं असतं, माणसाने? भाविकावर जळले, ते समजू शकते. पण जिला मी ओळखतसुद्धा नाही, जी मेली आहे, तिच्यावर मी चार दिवस जळत होते. जेवण गेलं नाही.

म्हटलं, ठीक आहे. मीही करते. गुरुवारी हरेश गेल्यावर दार लावलं, हरेशच्या जुन्या डायरीचं कोरं पान घेतलं, ओट्यापाशी उभी राहिले. फॅन चालू केला. एक तरी ओळ माझी. कशावरही. कुकरवर म्हटलं तरी चालेल.

ओळ आली. तोंड उघडलं, आणि फॅनच्या घरघरीत, अगदी खाली, कोणीतरी ती आधी म्हटली.

फॅन बंद केला. घर शांत. खाली रिक्षावाला कोणाशी तरी भांडत होता, तेवढंच. परत मनात ओळ धरली. म्हणणार तेवढ्यात अर्धा श्वास आधी, माझ्या उजव्या खांद्यामागे, जिथे झेलणारी बसते तिथून. मी तोंड गच्च मिटलं. तीही थांबली. मी वाट बघत होते आणि तीही वाट बघत होती. असं किती वेळ उभी होते माहीत नाही, कुकरची शिट्टी झाली तेव्हा पान कोरंच होतं.

कान वाजतात म्हाताऱ्या माणसांचे. बीपीच्या गोळ्यांनी होतं असं, पेपरात वाचलं होतं. मी स्वतःला ते दोनतीनदा सांगितलं.

शुक्रवारी नामादादाचा नातू येऊन विचारून गेला, आजोबांना किती वाजता आणू. मी म्हटलं अकरा. आणि दार लावताना ठरवलं की नाव घ्यायचं नाही. का घ्यायचं? तिला कोणी विचारलं नसतं. चार ओळी पाण्यात गेल्या असत्या तिच्याबरोबर. रानातून, उन्हातून, लग्नालग्नातून फिरवल्या मी. माझ्या गळ्याने लोक रडले. असं सगळं मी दाराशी उभी राहून मोठ्याने बोलले, आणि समोरच्या फ्लॅटच्या बाई बघत राहिल्या.

६

रविवारी हॉल भरला होता. सकाळचे अकरा, खिडक्या उघड्या, बाहेर लख्ख ऊन. भाविका आधी स्टेजवर आली. “गोजरामावशीचं कडवं मी न विचारता गायले. चुकलं माझं. त्या आहेत म्हणून आम्ही आहोत.” माझ्या पाया पडली. इतकं नीट बोलली की टाळ्या तिलाच जास्त मिळाल्या.

मग मी. पाट मांडला होता, मागे मालतीबाई बसली. नामादादा दुसऱ्या रांगेत, धुतलेली टोपी घालून. त्याने मान हलवली, म्हण बाय.

मी माईक घेतला. “ह्यो कडवा माजा हाय,” मी म्हटलं. “मी जुलवलेला हाय. कुनाचा नाय.”

नामादादाने माझ्यावरची नजर काढली आणि हातातल्या काठीकडे बघत राहिला.

मी सुरू केलं. ‘दारान’ माझ्या आधी आलं. ऐकलं मी, स्पष्ट. पुढे धावायला बघितलं, ओळ लवकर उचलली, तीही लवकर उचलली. मालतीबाई झेलेना. तिला झेलायला जागाच नव्हती, माझ्या पुढेमागे दोन्हीकडे आवाज होता. तिसऱ्या ओळीला मी तिच्या पाटाचा आवाज ऐकला. ती उठून भिंतीला जाऊन उभी राहिली होती. भाविका खाली समोरच मोबाइल धरून शूटिंग करत होती. तिने मोबाइल खाली केला. ती माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या उजव्या खांद्यावरून मागे, जरा खाली, पाटावर बसलेल्या माणसाच्या उंचीला बघत होती, आणि तिच्या चेहऱ्याचा रंग उतरला. मी मान वळवली नाही.

खालच्या चार ओळीही म्हटल्या. माझ्या म्हणूनच म्हटल्या. माजे घरान पानीच पानी. आता बास, असं ठरवलं होतं.

आणि तेवढ्यात एक ओळ आली. नवी. भाविकाला माहीत नव्हती, नामादादाने ऐकली नव्हती, त्या रेकॉर्डिंगात नव्हती. मोरीत भांडी घासताना आली होती तशीच, चालीसकट, अख्खी. देवाशप्पथ सांगते, मला वाटलं, ही माझी. बासष्टाव्या वर्षी का होईना, ही माझी. एवढा आनंद झाला की माईक तोंडाजवळ ओढला. म्हटली.

बांदावर कोन गो उभी रायली.

हॉलात सगळे पुढे झुकले. मागोमाग दुसरी.

हात नाय दिला, हाक नाय मारली.

हे म्हणता म्हणता पायांच्या तळव्यांना गार लागलं. ओली माती, खारी, बोटांमधून वर येणारी. तिसरी ओळ आली तेव्हा मला आठवलं. चांगुनाचा गोल चेहरा आठवला. उघाडीच्या फळीला तिचे दोन्ही हात, नखं पांढरी पडलेली, आणि ती माझं नाव घेत होती. ओरडत नव्हती, दम राखून एकेकदा घेत होती, आम्हाला गाताना शिकवलं होतं तसं. माझा हात पोचला असता. मी परकराला हात पुसत उभी होते आणि माझ्या मनात एकच होतं, आज मांडवात पुढे मी बसणार.

गल्याशी पानी, ती बगत रायली.

नामादादा काठी टेकत उठला.

गप्प बसता आलं असतं. माईक खाली ठेवायचा, चक्कर आली म्हणायचं, सुभाष पाणी घेऊन धावला असता. कोणाला काही कळलं नसतं. पण अख्खा हॉल श्वास धरून होता आणि भाविका, ती भाविका, तोंड उघडं टाकून ऐकत होती. असं कडवं आमच्यात कोणी बांधलं नव्हतं. ते अर्धवट सोडलं असतं तर उद्या तिने पुरं केलं असतं.

चौथ्या ओळीत नाव होतं. माझं. माझ्या खांद्यामागून ते आधी आलं, अर्धा श्वास थांबलं, आणि मी ते झेललं.